सव्विसावी जागा

२७ एप्रिल २०१२ रोजी लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाने बॉबी अब्रेयूला करारमुक्त केलं. वय ३८, नावावर दोन हजारांहून जास्त हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), आणि त्या वर्षाच्या ९० लाख डॉलर पगारातला बहुतेक भाग अजून द्यायचा होता. संघाने २० सामन्यांत १४ पराभव पाहिले होते. दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेकच्या ट्रिपल-ए (सर्वोच्च लीगच्या एक पायरी खालच्या) संघात ०.४०३ च्या सरासरीने, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींत ४०३ हिट या प्रमाणात, फटके मारणारा वीस वर्षांचा माइक ट्राउट वर आला. त्याने त्या मोसमात ०.३२६ ची सरासरी, ३० होमरन आणि ४९ चोरलेले बेस अशी कामगिरी केली आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ट्राउट आल्यानंतर एंजल्सने ८३ सामने जिंकले, ५९ हरले. एकूण विजय ८९. प्लेऑफची (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांची) शेवटची जागा ९३ विजयांवर गेली.

त्या चार विजयांचं खापर पहिल्या वीस सामन्यांवर फोडणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. त्या वसंतात ट्राउट आजारी होता, वजन उतरलं होतं, सरावाचे बरेच दिवस बुडाले होते. तरीही हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. पडता काळ चाललेला जुनाजाणता खेळाडू आणि खालून दार ठोठावणारा पोरगा यांच्यात निवड करायची वेळ आली की क्लब ‘चांगला कोण’ हा प्रश्न विचारत नाहीत. कोणता निर्णय परत फिरवता येतो, एवढंच पाहतात. आणि नियमांची रचना अशी आहे की या प्रश्नाचं उत्तर नेहमी पोराच्या विरोधात जातं.

रचना समजून घेऊ. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, प्रत्येक संघात रोज २६ खेळाडू उपलब्ध असतात, सप्टेंबरात २८. २६ मधले पिचर (चेंडू टाकणारे) जास्तीत जास्त १३. त्यामागे ४० जणांची यादी असते. २६ मध्ये यायचं तर आधी या ४० मध्ये नाव हवं. यादीतल्या तरुण खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर ‘ऑप्शन’ वापरतात. असे ऑप्शन तीन मोसमांत वापरता येतात, आणि २०२२ पासून एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येत नाही. खाली गेलेला फलंदाज किमान १० दिवस आणि पिचर १५ दिवस परत येऊ शकत नाही. वर कोणी जखमी झालं तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोराला खाली पाठवणं हे एका फोनचं काम. चूक झाली तर दहा दिवसांनी दुरुस्त.

जुन्या खेळाडूचं तसं नाही. मेजर लीगमध्ये पाच वर्षं सेवा झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय खाली पाठवता येत नाही. मग उरतो एकच मार्ग: ‘डेझिग्नेट फॉर असाइनमेंट’. त्या क्षणी ४० च्या यादीतली जागा मोकळी होते आणि क्लबला सात दिवस मिळतात. त्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाका, वेव्हरवर घाला (म्हणजे इतर संघांना त्याच्या करारासकट उचलू द्या) किंवा सोडून द्या. वेव्हरवर दुसऱ्या कोणी उचललं तर उरलेला करार त्याच्या गळ्यात पडतो, म्हणून मोठ्या पगाराच्या खेळाडूला सहसा कोणी हात लावत नाही. कोणीच उचललं नाही तर तो खाली जायला नकार देऊ शकतो आणि पगारही पूर्ण घेतो. मोकळा झाल्यावर नवा संघ त्याला फक्त किमान वेतनाचा उरलेला हिस्सा देतो (२०२५ मध्ये पूर्ण वर्षाचं किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होतं). बाकीची रक्कम सोडणाऱ्याच्या माथी. थोडक्यात, पोराला खाली ढकलणं फुकट आणि तात्पुरतं. जुन्याला सोडणं महाग आणि कायमचं.

सरव्यवस्थापक म्हणून खुर्चीत बसलेल्या माणसाला यातून जे शहाणपण सुचतं ते असं: ‘घाई कशाला? फलंदाजीच्या आणखी पन्नास संधी देऊन पाहू.’ पन्नासाच्या शंभर होतात, शंभराच्या दोनशे. भिजत घोंगडं पडतं. यात ‘थांबणं फुकट आहे’ असं गृहीत धरलेलं असतं, आणि तेच चुकीचं आहे.

पैशाचं आधी पाहू, कारण खरा अडसर तोच असतो आणि तोंडाने कोणी कबूल करत नाही. जुन्या खेळाडूचा पगार द्यायचाच आहे, तो खेळो वा न खेळो. त्याला मैदानात ठेवल्याने एक डॉलरही वाचत नाही. त्याच्या जागी आलेला पोरगा किमान वेतनावर येतो. म्हणजे हिशेबाला फक्त तेवढाच फरक धरायचा आणि समोर ठेवायचं की उरलेल्या सामन्यांत कोण जास्त धावा देईल. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसने २०२४ मध्ये होजे अब्रेयूबाबत हे केलं, थोडं उशिरा. तीन वर्षांचा ५ कोटी ८५ लाखांचा करार, आणि मोसमाच्या सुरुवातीला ७१ संधींत ७ हिट. संघ २६ पैकी १९ सामने हरला होता. त्याने संमती दिली म्हणून त्याला फ्लोरिडातल्या सराव केंद्रावर पाठवलं, मे अखेरीस परत आणलं, आणि १४ जूनला सोडलं. पुढच्या वर्षाचे १ कोटी ९५ लाख द्यायचे बाकी होते. त्याच्या जागी पहिल्या बेसवर खेळलेला जॉन सिंगलटन काही उगवता तारा नव्हता, ०.२३४ ची सरासरी आणि १३ होमरन. पण ०.१२४ च्या जागी तेवढंही पुष्कळ होतं. अ‍ॅस्ट्रोसने गटात पहिला क्रमांक मिळवला. जागा रिकामी करायला खाली माइक ट्राउटच असावा लागतो असं नाही, हे या प्रकरणातून शिकावं.

आता उलट बाजू, आणि ती कच्ची नाही. शंभर संधींची सरासरी फार कमी सांगते. खरी कुवत ०.२५० असलेला फलंदाज घ्या. शंभर संधींच्या तुकड्यात नुसत्या योगायोगाने त्याची सरासरी साधारण ४३ अंश (०.०४३) इकडेतिकडे सरकते. म्हणजे अशा तीन तुकड्यांपैकी एकात तो ०.२०७ च्या खाली किंवा ०.२९३ च्या वर दिसणार, आणि त्याच्यात काहीही बदललेलं नसणार. तीस संघांचे नऊ-नऊ नियमित फलंदाज मोजले तर मेच्या पहिल्या आठवड्यात काही चांगले खेळाडू दोनशेच्या (०.२०० च्या) खाली सापडणार हे गणिताने ठरलेलंच आहे. त्यांना हाकलत सुटलेला क्लब वर्षभर चांगले खेळाडू फुकट वाटत बसेल. हाच नियम पोरालाही लागतो. खाली तीन आठवडे ०.४०० मारणं ही बातमी आहे, पुरावा नाही.

म्हणून सरासरीकडे न पाहता तिच्या खाली काय चाललंय ते पाहायला हवं. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० संधींत, म्हणजे पंधराएक सामन्यांत, बऱ्यापैकी खरं बोलू लागतं. वॉकचं (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणाऱ्या बेसचं) प्रमाण त्याच्या दुपटीत. बॅटला लागलेला चेंडू मोकळ्या जागेत पडतो की हातात जातो, हे खरं कळायला मात्र एकापेक्षा जास्त मोसम लागतात. मग जुन्या खेळाडूची सरासरी पडली असेल, पण स्ट्राइकआउट वाढलेले नाहीत आणि ताशी ९५ मैलांहून जोरात मारलेल्या चेंडूंचं प्रमाण तेवढंच आहे, तर त्याला हात लावू नये. चेंडू हातात जात आहेत, उद्या जाणार नाहीत.

खरी उतरण वेगळी दिसते आणि तिला एक क्रम असतो. आधी बॅटचा वेग कमी होतो. २०२४ पासून हा आकडा सर्वांना उघड पाहायला मिळतो. ९५ मैलांचा चेंडू प्लेटपर्यंत (फलंदाजापर्यंत) यायला साधारण ०.४ सेकंद घेतो. बॅट मंदावली की फलंदाजाला निर्णय आधी घ्यावा लागतो. मग तो वेगवान चेंडू गृहीत धरून आधीच झोकून देतो. पिचरांना हे आठवड्यात कळतं. ते त्याच हातवाऱ्याने संथ आणि वळणारा चेंडू टाकू लागतात, तो झोनबाहेरच्या (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरच्या) चेंडूवर बॅट फिरवतो, वॉक आटतात, स्ट्राइकआउट चढतात. गंमत म्हणजे या काळातही अधूनमधून त्याचा अंदाज बरोबर ठरतो आणि एखादा होमरन प्रेक्षकांत जाऊन पडतो. क्लबला तेवढा एक पुरतो. आणखी तीन आठवडे निघतात. चौतीस-पस्तिशीच्या फलंदाजात ही सगळी चिन्हं एकत्र दिसली की शंभर संधी थांबायची गरज नसते. तेवढ्यात एखादं जखमी मनगट किंवा गुडघा निघाला तर प्रश्न बदलतो. दहा दिवसांच्या जखमी यादीत घालावं, मग पुनर्वसनासाठी खालच्या लीगमध्ये २० दिवसांपर्यंत खेळू द्यावं (पिचरला ३०). पाच वर्षांच्या संमतीच्या नियमाला धक्का न लावता खालचं पिचिंग दाखवायचा हा रस्ता आहे. पाठदुखी दिसेनाशी झाली तरी कागदावर ठेवण्याची सवय क्लबांना आहे, ती वेगळी बाब.

पोराकडे पाहतानाही चश्मा बदलावा लागतो. पॅसिफिक कोस्ट लीगमधले अल्बुकर्की आणि रीनो समुद्रसपाटीपासून साडेचार-पाच हजार फुटांवर आहेत. विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे तिथले होमरन जसेच्या तसे मोजायचे नसतात. ट्रिपल-एमध्ये ९५ च्या वरचा चेंडू अचूक जागी टाकणारे पिचर कमी. जे तसे टाकतात ते वर गेलेले असतात. त्यामुळे पोराच्या सरासरीआधी पाहायचं ते हे की जोरदार चेंडूवर त्याची बॅट किती वेळा हुकते आणि झोनबाहेर तो किती फिरवतो. बाल्टिमोर ओरिओल्सने २०२४ मध्ये जॅक्सन हॉलिडेला वयाच्या विसाव्या वर्षी, ट्रिपल-एचे तीसहून कमी सामने झालेले असताना वर आणलं. ३४ संधींत २ हिट, १८ स्ट्राइकआउट. दोन आठवड्यांत परत खाली. जुलै अखेर तो पुन्हा आला. यात कोणाचं फार बिघडलं नाही, कारण ऑप्शन त्यासाठीच आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा विली मेज पहिल्या २६ संधींत एकच हिट मारू शकला होता. व्यवस्थापक लिओ ड्यूरोशरने त्याला खाली पाठवलं नाही. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच वर्षी यांकीजने मिकी मँटलला मध्येच कॅन्सस सिटीला पाठवलं आणि परत आणलं. दोघेही पुढे बेसबॉलमधली महान नावं ठरले. पोराला खाली पाठवल्याने त्याचं वाटोळं होतं ही भीती फुगवलेली आहे.

वाटोळं होतं ते वर आणून बाकावर बसवल्याने. लॉस एंजेलिस डॉजर्सने मे २०२५ मध्ये दहा वर्षं संघात असलेल्या ऑस्टिन बार्न्सला काढून डाल्टन रशिंग या तरुण कॅचरला (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा) आणलं. चार दिवसांनी ६ कोटींच्या करारावरच्या क्रिस टेलरलाही सोडलं. आदल्या वर्षीचा विजेता संघ जुन्यांना असा निरोप देतो, याचं मला कौतुक आहे. पण रशिंग विल स्मिथमागे दुसरा कॅचर होता. खाली रोज खेळणारा फलंदाज वर आठवड्यातून एक-दोनदा खेळू लागला आणि त्याची सरासरी दोनशेच्या आसपास अडकली. डॉजर्स त्या वर्षीही विजेते झाले, त्यामुळे कोणी फारसं विचारलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: आठवड्यातून किमान पाच सामने सुरुवातीपासून खेळवायचे नसतील तर वीस-बावीस वर्षांच्या फलंदाजाला वर आणू नये. बाकावर बसायला खालचाच तिशीतला, सगळ्या जागा सांभाळणारा खेळाडू बरा. तो त्याच कामासाठी घडलेला असतो.

दुसरी चूक जागेची. बाल्टिमोरच्या पहिल्या बेसवरच्या क्रिस डेव्हिसचा करार सात वर्षांचा, १६ कोटी १० लाखांचा. २०१८ चा शेवट ते १३ एप्रिल २०१९ या काळात सलग ५४ संधींत त्याला एकही हिट मिळाला नाही. त्याच्या सरासरीची खूप टिंगल झाली. पण त्याच्यामुळे ट्रे मॅन्सिनी, मूळचा पहिल्या बेसचा खेळाडू, वर्षानुवर्षं आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात) धावत राहिला, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पडत्या खेळाडूची किंमत मोजताना त्याच्यामुळे कोण चुकीच्या जागी खेळतोय तेही त्याच खात्यात मांडायला हवं.

मग करावं काय? सोडून देण्याआधी तीन पायऱ्या आहेत आणि बहुतेक क्लब पहिलीच टाळतात. फलंदाजीच्या क्रमात एक जागा खाली म्हणजे पूर्ण मोसमात सुमारे १५ ते २० संधी कमी. तिसऱ्यावरून सातव्यावर आणलं तर सत्तरच्या आसपास संधी वाचतात, आणि कोणाला काढावं लागत नाही. दुसरी पायरी बाजू पाहून खेळवणं: उजव्या हाताच्या फलंदाजाला फक्त डावखुऱ्या पिचरसमोर उतरवायचं. तिसरी, आधीच ठरवलेली तारीख. ‘१ जूनला बॅटचा वेग, स्ट्राइकआउट आणि झोनबाहेरचं प्रमाण पाहू, तिन्ही वाईट असतील तर जागा मोकळी’ हे खेळाडूलाही तोंडावर सांगावं. तारीख नसली की प्रत्येक होमरन नवी मुदत आणतो.

अल्बर्ट पुहोल्सची गोष्ट इथे उलटी वापरली जाते. एंजल्सने दहा वर्षांच्या, २४ कोटींच्या कराराच्या शेवटच्या वर्षात, मे २०२१ मध्ये त्याला काढलं, सरासरी ०.१९८ होती. डॉजर्सने त्याला किमान वेतनावर घेतलं, मुख्यतः डावखुऱ्या पिचरांसमोर खेळवलं, आणि २०२२ मध्ये सेंट लुइसकडून २४ होमरन मारून तो कारकिर्दीत ७०३ वर थांबला. ‘बघा, एंजल्स चुकले!’ नाही. एंजल्सकडे पहिल्या बेसला जॅरेड वॉल्श होता आणि फक्त फलंदाजीच्या जागेवर शोहेई ओतानी. पुहोल्सला रोज खेळायचं होतं आणि रोज खेळवण्याजोगा तो उरला नव्हता. दुसऱ्या संघात, दुसऱ्या कामाला, तो उपयोगी पडला. दोन्ही संघ बरोबर असू शकतात.

ड्रेसिंग रूममधलं वजन, अनुभव, पोरांना सांभाळून घेणं या गोष्टी खोट्या नाहीत. पण त्यांची किंमत फलंदाजीच्या सहाशे संधींत चुकवायची नसते.

यात सर्वांत गलिच्छ भाग अजून बाकी आहे. मोसम साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस वर काढले की एक वर्ष सेवा धरली जाते. सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा होऊन बाजारात जाऊ शकतो. म्हणजे पहिले सोळा दिवस पोराला खाली ठेवलं की क्लबला त्याचं आणखी एक अख्खं वर्ष स्वस्तात मिळतं. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला, सराव सामन्यांत नऊ होमरन मारलेले असताना, १७ एप्रिलला आणलं. त्याचे दिवस भरले १७१. तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तक्रार केली, आणि २०२० मध्ये लवादाने क्लबच्या बाजूने निकाल दिला. कब्जचं म्हणणं होतं की त्याला क्षेत्ररक्षण सुधारायचं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिएटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मेदर एका रोटरी क्लबच्या सभेत हे सगळं उघड बोलून बसले, जॅरेड केलेनिक आणि लोगन गिल्बर्ट यांना का रोखलं ते, आणि काही दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. केलेनिक मेमध्ये आला आणि ०.०९६ वर खाली गेला. तो खरंच तयार नव्हता. पण मेदरांचं कारण ते नव्हतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२ च्या कराराने दोन दुरुस्त्या केल्या. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला उशिरा येऊनही पूर्ण वर्ष मिळतं, म्हणून पॉल स्कीन्स या पिचरला ११ मे २०२४ रोजी आणूनही पिट्सबर्गला ते वर्ष राखता आलं नाही. आणि नावाजलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून खेळवून तो मोठं पारितोषिक जिंकला तर क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) जादा निवड मिळते. सिएटलला हूलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाली. या दोन्ही दुरुस्त्या पहिल्या शंभरातल्या पोरांपुरत्या. चौथ्या-पाचव्या फळीतला पंचवीस वर्षांचा खेळाडू तिथेच आहे.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मालकांनी २०२१ मध्ये साडेएकोणतिसाव्या वर्षी सगळ्यांना मोकळं करायचं सुचवलं होतं आणि खेळाडूंनी ते नाकारलं, योग्यच केलं. एकविसाव्या वर्षी आलेला खेळाडू त्यात साडेआठ वर्षं अडकला असता. त्यापेक्षा १७२ चा उंबरठा ९० ते १०० दिवसांवर आणा. आज वर्ष वाचवायला चौदा-पंधरा सामने पुरतात. मग अर्धा मोसम पोराशिवाय काढावा लागेल. तळाचे संघ तरीही थांबतील, पण स्पर्धेतला एकही संघ जुलैपर्यंत आपला चांगला फलंदाज खाली ठेवणार नाही. पाच वर्षांच्या संमतीचा नियम मात्र तसाच राहावा. जुन्या खेळाडूला पगारासकट सन्मानाने खाली जाऊन स्विंग दुरुस्त करायची वाट होजे अब्रेयूने दाखवली आहे, तीही संमतीनेच.

मराठी वाचकाला इथे पद्माकर शिवलकर आठवतील. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि एकही कसोटी नाही. पण ती वेगळी गोष्ट. समोर बिशनसिंग बेदी होता आणि तो पडत नव्हता. देशाचा संघ एकच, दुसरं दार नाही. बेसबॉलमध्ये तीस दारं आहेत आणि ‘रूल ५ ड्राफ्ट’ नावाचा नियम नेमका याचसाठी आहे: अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध केलेला खेळाडू पाच मोसमांनंतर, त्याहून मोठा असेल तर चार मोसमांनंतर, ४० च्या यादीत घेतला नाही तर दुसरा क्लब एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट एवढीच की पुढचा अख्खा मोसम त्याला २६ मध्ये ठेवायचं, नाहीतर पन्नास हजारांत परत द्यायचं. दर नोव्हेंबरात यादीत कोणाला घ्यायचं हे ठरवताना क्लबांना आपल्या जुन्या खेळाडूंकडे पुन्हा एकदा पाहावं लागतं, कारण चाळिसावी जागा त्यांच्यापैकीच कोणाकडून तरी काढायची असते.